बुटांसाठी जाफराबादच्या चार खेपा

गेल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी घरी न जाता तडक जाफराबाद गाठलं... भांडायला. दोन जीप बदलून, कंबर धरून, पण भांडायलाच.

तिथे एक काका आहेत, चामड्याचं काम करणारे. स्टँडच्या मागे छोटंसं दुकान, बोर्डसुद्धा नाही. गेली बारा वर्षं माझे बूट तेच बनवतात. रेडिमेड मला चालत नाहीत, कारण लहानपणीच्या पोलिओमुळे माझा डावा पाय दीड इंच आखूड आहे आणि डाव्या बुटाचा तळ तेवढा जाड लागतो.

जुना जोड तीन-चार महिन्यांपूर्वी कामातून गेला. जालन्यात एकाने रबर ठोकून दिलं खरं, पण पंधरा दिवसांत कंबरेने जीव नकोसा केला. डॉक्टर म्हणाले, नवीन बूट येईपर्यंत काठी वापरा. आमच्या यांनी त्याच संध्याकाळी मेडिकलमधून काठी आणून दाराआड ठेवलीसुद्धा!

आता काठीचं आणि माझं जुनं वैर आहे. अकरावीला जी सोडली ती सोडलीच... आज फाट्यापासून शाळेपर्यंत रोज एक किलोमीटर मी माझ्या पायांनी जाते. काठी एकदा हातात आली की पुन्हा सुटायची नाही, अशी धास्ती बसली होती मला. वर्गात कितीही आवाज चढवत असले तरी रात्री झोपताना तेच डोक्यात यायचं.

आणि इकडे आमचे काका! पहिल्यांदा गेले तेव्हा माप घेतलं आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. गेले, तर म्हणे चामडं आलं न्हाई. तिसऱ्यांदा गेले, तर म्हणे शिलाई राह्यली, पुढच्या महिन्यात बघू. दोन्ही वेळा हात हलवत परत.

फोनचं तर विचारूच नका. कधीही लावा, सूनबाई उचलणार आणि "बाबा जेवायला बसलेत" म्हणणार. सकाळी अकराला जेवायला, दुपारी चारला जेवायला... हा माणूस दिवसभर जेवतो तरी किती! व्हॉट्सॲपवर विचारलं, "काका, बूट कधी मिळतील?" उत्तर आलं, अंगठा. 'कधी'चं उत्तर अंगठा कसं असेल हो? माझ्या चौथीच्या पोरांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

तर शनिवारी पोचले आणि दारातूनच सुरू झाले. तीन महिने झाले, माणसाच्या वेळेला काही किंमत आहे का नाही, होत नसेल तर होत नाही म्हणा, मी दुसरीकडे बघते... सगळं एका दमात. बाजूच्या चहावाल्याने चहा गाळायचा थांबवला.

काकांनी गोणपाटाखालून बूट काढले, माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "घाला."

घातले. उभी राहिले. दुकानाच्या बाहेर दहा पावलं गेले, परत आले... कंबर एकदम गप्प. इतकी गप्प की मीच घाबरले. बारा वर्षांत कुठलाच जोड असा बसला नव्हता.

"एवढे छान जमतात तर तीन खेपा कशाला घालायला लावल्या?" मी विचारलं. आवाज जरा उतरला होता माझा.

काका म्हणाले, "मॅडम, माप देताना तुमी ताठ उभ्या राह्यल्या. चाला म्हणलं तं झ्याक चालून दाखवलं. त्ये काय खरं माप न्हाई. माणूस चिडून पाठमोरं निघालं ना, मंग खरं चालतंय. दोन्ही खेपंला तुमी निघाल्या आन् मी दारातून बघून राह्यलो व्हतो. कंबर डावीकडं पडत व्हती. मंग आजून एक थर चढवला."

"अहो, मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तं तुमी पुन्ना झ्याकच चालल्या असत्या."

पण मीही मास्तरीण आहे, इतक्यात सोडते की काय. फोनचं काय, विचारलं. काका चक्क लाजले. फोनवर काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून सुनेकडे द्यायचे म्हणे. आणि चामड्याचं? "त्ये खरंच आल्तं न्हाई," शपथ घेऊन म्हणाले.

मग मी तिथेच बसून त्यांना व्हॉइस मेसेज कसा पाठवायचा ते शिकवलं. 'अजून टाइम लागन' एवढं तीनदा बोलून घेतलं, तेव्हाच उठले. कारागिरी कितीही थोर असू दे, समोरच्याचा जीव टांगणीला लावू नये, हे माझं मत आजही पक्कं आहे.

सोमवारी फाट्यावर उतरले आणि शाळेपर्यंत चालत गेले, एकदाही न थांबता. काठीची पिशवीसुद्धा फोडलेली नाही, मेडिकलवाला परत घेईल बहुतेक.

पण काकांचं बोलणं काही डोक्यातून जात नाही. मी पाठमोरी झाले की लोक माझी चाल बघतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. न वळताही कळतं. कुणी हसतं, कुणी चुकचुकतं, कुणी आपल्या पोराला कोपराने ढोसून दाखवतं... बेचाळीस वर्षांत असं मागून बघणारे खूप भेटले. बघून झाल्यावर आत जाऊन माझ्या बुटाला एक थर चढवणारे हे एकटेच.