नळ आले वं!

साहेबांनी बुटाच्या टोकाने माझ्या मायचा पाण्याचा गुंड लवंडवला. भरलेला. सगळं पाणी नालीत गेलं.

"जनावरं आहात का तुम्ही? एक दिवस माणसांसारखं वागता येत नाही?"

माय खाली पाहत राहिली. मी बाजूलाच उभी होते, गळ्यात महापालिकेचं ओळखपत्र घालून.

आमची महापालिका कर्जरोखे काढणार होती. बाजारातून पैसा उभा करायचा, नवी जलवाहिनी टाकायची आणि शहराच्या पाणीपट्टीतून तो व्याजासकट फेडायचा. पट्टी आधी वेगळ्या खात्यात जाणार. त्यातून पहिले रोखेवाल्यांचं देणं, उरलं तर शहराचं. मी साहेबांच्या हाताखाली लेखा विभागात कंत्राटावर होते. घरातली पहिली पदवीधर. हे सगळं टाइप करताना छाती भरून यायची.

महापालिकेची पत ठरवायला मुंबईहून पाहुणे येणार होते. लोकांना पाणी मिळतं, म्हणून ते पट्टी भरतात, हे त्यांना दाखवायचं होतं. साहेबांनी नेमकी माझीच वस्ती निवडली. भरल्या कचेरीत म्हणाले, "हिच्या आईला उभं करू. गरीब दिसते, पण स्वच्छ आहे." सगळे हसले. मीही हसले. नोकरी त्यांनीच दिली होती.

वस्तीत पाणी यायचं पंधरवड्यानं. त्या सकाळी खास आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला. बायांना घरात बसवलं. मायला बजावलं, गुंड भरायचा आणि हसायचं.

नळ सुटला. माय हसायचं विसरली. गुंड भरता भरता सवयीनं ओरडली, "नळ आले वं!"

आमच्याकडे ज्या बाईला पाणी आधी दिसतं, ती गल्लीला हाक देते. एकटीनं भरून घेणारीला कोणी माफ करत नाही. अख्खी गल्ली धावली. बकेटा, ड्रम, गंज, हाताला लागेल ते घेऊन. पाहुणे भिंतीला चिकटले. तेव्हाच साहेबांचा बूट उठला.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "या सगळ्या का धावतायत?"

साहेब माझ्या कानाशी आले. "लग्न आहे म्हण. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

मायचा भिजलेला पदर मला दिसत होता. पट्टी ती कधी चुकवत नव्हती. तिच्यासारख्यांच्या पट्टीच्या भरवशावर हे रोखे विकले जाणार होते. आणि लाथ तिच्याच गुंडाला.

"लग्न नाही, मॅडम," मी म्हटलं. "पंधरा दिवसानं पानी आलं आमाले. तेही तुमाले दाखवाले सोडलं."

साहेबांनी ओळखपत्र माझ्या गळ्यातून हिसकावलं. "यांना वर आणायलाच नको होतं."

घरी माय भडकली. "काहून बोलली वं? गेली ना तुही नोकरी!"

"गेली."

"मंग आता?"

रोखे आज ना उद्या निघतीलच. ते फेडण्यासाठी वसुलीची माणसं आमच्या दारात येतील. मी दारोदार फिरून एकच सांगते आहे. आधी पाणी, मग पट्टी. तोवर रोखेवाल्यांनी साहेबांचं दार वाजवावं.