पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन

खामगावच्या एका शाळेत विज्ञानाच्या मास्तराची एकच जागा होती आणि मुलाखतीला आम्ही दोघंच: मी आणि माझा जिवलग दोस्त. दोघंही पिंपळगाव राजाचे, दोघंही नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेलो. तो मुसलमान कापडवाल्याचा मुलगा. दुकानात बसणं त्याच्या जिवावर यायचं. त्याला शिकवायचंच होतं.

अणूतली इलेक्ट्रॉनांची नवी मांडणी काही त्याच्या डोक्यात शिरेना. मला तरी कुठे नीट कळली होती? पण कबूल करील तो मी कसला! मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात त्याला झोकात सांगितलं, "लग्नाच्या पंगतीसारखं हाय बे. पह्यली पंगत भरल्याशिवाय दुसरीच्या पत्रावळी मांडतेत का? पह्यल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात अठरा. भरत जाय." त्यानं ते घोकून टाकलं.

मुलाखत घ्यायला नागपूरचे एक प्रोफेसर आले होते. आधी त्याला बोलावलं. मी व्हरांड्यात बाकावर बसलो. तो बाहेर आला तो पांढराफटक पडून. माझ्या नावाचा पुकारा होत होता, तरी त्यानं माझा दंड धरला.

"पोटॅशियम इचारते. एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात नोको सांगू. मी सांगतला, चुकलो. तिसऱ्याचं डी ऑर्बिटल, म्हंजे त्यातला एक कप्पा, रिकामं असते, तरी चौथ्याचं एस आधी भरते. त्याले ऊर्जा कमी लागते. ध्यानात ठेव."

आत मला तोच प्रश्न आला. त्याचंच बोलणं मी इंग्रजीत करून सांगितलं. प्रोफेसर खूश झाले. म्हणाले, "मघाच्या गृहस्थांना कोणीतरी पंगतीचा दाखला देऊन भलतंच शिकवलंय. असे लोक दुसऱ्याचं नुकसान करतात."

तो माणूस मीच, एवढंच म्हणायचं होतं. मी मान डोलावली.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी तो दुकानातून उठून पेढे घेऊन आला.

"शिकवाले तूच पाह्यजे बे," तो म्हणाला. "तू तं बरोबरच सांगतलं अशीन. माह्याच डोक्यात उलटं बसलं."

मी पेढा खाल्ला.