लांबच्या टोकाचा उपास

तुपात भिजलेली वात, तिचा निळसर धूर आणि त्यात मिसळलेला कातडी भाजल्याचा वास. त्या संध्याकाळी मी धारच्या घरी पोचले, तेव्हा आत्या समईची काजळी झाडत होती. पेटत्या वातीचं टोक तिच्या चिमटीत होतं आणि चेहरा शांत. मी तिचा हात ओढला, तेव्हा कुठे तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. परक्याच्या बोटांकडे पाहावं तसं.

वडिलांची ही थोरली बहीण. कर्करोगाचं औषध तिला इंदूरला सलाईनमधून देत. दर खेपेला मी आदल्या दिवशी देवासहून येई आणि तिला घेऊन जाई. निघण्यापूर्वी ती न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसे. औषधाच्या पाळ्यांना ती नेम म्हणे. आमच्याकडे धरलेला नेम मध्येच मोडत नाहीत, आणि त्याच्या त्रासाबद्दल कुरकुरतही नाहीत. डॉक्टर विचारत, हातापायांना मुंग्या, बधिरपणा? ती म्हणे, "कुछ नहीं, डॉक्टर साब." खरं बोललं तर औषध कमी करतील, नेम अपुरा राहील आणि रोग परतेल, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"तिथे काही बोललीस, तर पुन्हा तुझ्याबरोबर यायची नाही," भाजलेली बोटं पाण्यात बुडवून ती म्हणाली.

माझी मुलगी इंदूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. या खेपेला ती सोबत होती. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून आत्यासमोर धरला. दोरीसारख्या सरळ वाटेवरून दोन पायांचं इवलंसं काहीतरी चाललं होतं. एक पाऊल, मग दुसरं. माथ्यावर अवाढव्य गाठोडं.

"अगं बाई, वरातीतल्या व्याह्यासारखा डुलतोय की हा!"

"आत्याआजी, ये प्रोटीन आहे. मोटर प्रोटीन. सेलच्या अंदर सामान ढोतं."

"ढोतं काय? वाहतं म्हण. आणि गाठोड्यात काय?"

गाठोड्यात तंतुकणिका होती, पेशीला शक्ती पुरवणारी. मुलीनं आत्याच्या मानेमागे, कण्याजवळ बोट ठेवलं आणि खांद्यावरून, कोपरावरून, मनगटावरून सावकाश उतरवत तिच्या बोटाच्या टोकाशी आणलं. ती सांगत गेली: चेतापेशीचं घर तिकडे मानेपाशी. तिचा एकच धागा इथवर. टोकाला लागणारं बहुतेक सारं घरी तयार होतं आणि या वाटेनं, पायी वाहून आणावं लागतं. जुनं झालेलं दुसरे वाहक उलट नेतात. रोगट पेशींना दुभंगायलाही या वाटेसारख्याच दोऱ्या लागतात. औषध त्यांना जखडतं, आणि त्याबरोबर या वाटाही. गाठोडी अडतात. सर्वांत लांबच्या टोकाला उपास आधी पडतो.

एका स्पर्शापाठी इतकी मुकी पायपीट असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मेले का गं हे सगळे?" आत्यानं विचारलं.

"नहीं ना. अटकलेत. वेळेत आराम मिळाला तर खूपसं सुधरतं. जास्त दिवस उपाशी राहिले, तर मग टोक सुकतं."

"आणि औषध कमी केलं म्हणजे? रोग बसेल गप्प?"

"ते मला नाही माहीत, आत्याआजी. डॉक्टर बघतील. दुसरी औषधंही असतात. पर उनको पता तो हो."

आत्यानं मोबाइल जवळ ओढला. पडद्यावरचं चित्र थांबलं होतं. वाहकाचा एक पाय उचललेला.

"नेम माझा," ती म्हणाली. "उपास या बिचाऱ्यांना कशाला?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आत्यानं तोंड उघडलं. सवयीचं उत्तर आलं नाही; खरंही येईना. इतक्या वेळा नाही म्हटल्यावर हो म्हणायला जीभ वळत नव्हती. डॉक्टर कागदावरून नजर उचलून वाट पाहत राहिले. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली,

"सांग."