पंचविसाव्या वाढदिवसाचं जेवण

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुठल्या भारी हॉटेलात जायचं, हे मी बायकोला सोडून शेजाऱ्याला विचारलं.

इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही तो मला पावणंच म्हणतो. रोज सकाळी पाइप धरून स्कूटर धुतो आणि मान वर न करता साऱ्या कोल्हापूरचा निकाल लावतो.

"शाहूपुरीतलं नवीन कसं आहे?"

"खुर्च्या लई मऊ. जेवायच्या आधी झोप येती."

"आणि ते मेणबत्त्या लावतात ते?"

"ताटात काय हाय, दिसत न्हाय."

"तुम्ही जेवलाय तिथं?"

"बाहेरनं बघितलंय की."

एवढ्यावर मी दोन्ही हॉटेलं बाद केली आणि नेहमीची मटणाची खानावळ पक्की केली. तेवढ्यात बायको दारात आली. बोलताना कधीही पाणी न थांबवणाऱ्या त्या माणसानं नळ बंद केला.

"वैनी, तुमच्या मनात कुठलं हाय?"

हे मला सुचलंच नव्हतं.

"कुठलंही चालेल," ती म्हणाली. "हॉटेलातसुद्धा ह्यांना मीच वाढत असते. एक दिवस मला निवांत बसून जेवायचंय."

त्यानं थोडा विचार केला आणि पुन्हा नळ सोडला.

"मग पावण्यास्नी घरातच ठेवा की."