आपला माणूस हाय

केजमध्ये माझ्या शेजारी एक पुढारी राहतो. गल्लीतलं कुणीही सरकारी दवाखान्यात पोचलं, की हा घरबसल्या डॉक्टरला फोन लावतो. "साहेब, आपला माणूस हाय, लई जपून बघा." मग हवापाणी, राजकारण, बदलीची गोड धमकी. गडी फोन ठेवतच नाही.

परवा त्याच्याच चुलत्याला साप चावला. मीच मोटारसायकलवर नेलं. डॉक्टर सलाईन लावणार, तेवढ्यात याचा फोन आला. तो संपेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला. शेवटी अंगठा कापावा लागला.

आता हा डॉक्टरवर केस करतोय. "पेशंट मरायलाय अन् ह्यो फोनवर गप्पा हाणायलाय!" साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय. म्हणतो, "आपला माणूस हाय."

फोनवर कोण होतं, ते मी कोर्टातच सांगणार आहे.