रोशनीच्या पोटावरचे चार डाग

ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा सांगितली असेल. प्रशिक्षणात, मातांच्या बैठकीत, अंगणवाडीच्या ओट्यावर. पण खरी? खरी एकदाही नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते — जमेल तशी.

मी चामोर्शीकडच्या एका गावात आशा आहे. घरोघरी फिरून लहान लेकरं बघायची, हे माझं काम. बैठकीत सांगते ती गोष्ट अशी — एका अडाणी बाईनं आठ महिन्यांच्या पोरीला डब्बा झाला म्हणून बिब्ब्यानं डागलं, दिवस घालवला, पोर मरता मरता वाचली. डब्बा म्हणजे आमच्याकडे न्यूमोनिया. मग मी विचारते, त्या मायचं काय चुकलं? बाया हळहळतात, त्या मायला शिव्या घालतात. मी घालू देते.

ती माय म्हणजे सुनंदा. माझ्यापासून तिसरं घर.

त्या सकाळी ती धानाची कापणी सोडून रोशनीला घेऊन आली होती. कुणाकडे? माझ्याकडे. मी पोरीचा कुडता वर केला, घड्याळ लावलं आणि एक मिनिट श्वास मोजले. त्या वयाला पन्नास भरले तरी घाई करायची असते. अडुसष्ट भरले. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत होता. दूध ओढत नव्हती. आणखी काय दिसायला हवं होतं मला? लगेच दवाखान्यात न्यायचं, एवढंच बोलायचं होतं.

तेवढ्यात माझी सासू आली. डब्ब्यावर चटके द्यायला गावात तिचं नाव मोठं. तिच्या हातचे डाग घेऊन अर्धं गाव फिरतं, त्यात माझा नवराही. आठवड्यापूर्वीच मी तिला तोंडावर म्हटलं होतं, तुमच्या बिब्ब्यानं लेकरं मरतात. त्यावर नवऱ्यानं माझ्या थोबाडीत मारली होती, तिच्यासमोर. जबडा अजून ठणकत होता. हे कारण म्हणून सांगत नाही — घडलं ते सांगते.

सासूनं सुईवर टोचलेला बिब्बा दिव्यावर धरला. तेल चुरचुरायला लागलं. सुनंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी म्हणान तसं." दोनदा म्हणाली. मी मान खाली घातली. सासू म्हणाली, "पाय धर."

आणि मी धरले.

पहिला चटका बेंबीच्या वर. मग आणखी तीन. कातडी जळल्याचा वास आला. पोरगी अशी काही तडफडली की तिच्या टाचा माझ्या तळहातांत रुतल्या — आठ महिन्यांच्या जिवात एवढा जोर असतो? मी आणखी दाबलं. आणि सांगू? मला त्या पोरीचाच राग आला होता, ती गप्प होत नाही म्हणून. मग ती गप्प झाली. निपचित पडली. सासू म्हणाली, उतरला डब्बा. लेकरू असं निपचित पडणं ही सगळ्यात वाईट खूण, हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. मी भाताला आधण ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीचे ओठ निळे पडले, तेव्हा पळापळ झाली. मीही दवाखान्यात सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी पोट बघितलं आणि कडाडल्या, हे कुणी केलं? सुनंदाचा नवरा आदल्या दिवशी शेतावर होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हणाले, "मले का मालूम? मायनंच डागलं असन."

त्यानं तिला झिंज्या धरून बाहेर ओढलं, आवारात पाडलं आणि लाथा घातल्या. पोटात, पाठीत, तोंडावर. समोरचा दात पडला. लोक सोडवायला धावले. मी धावले नाही. ती रक्ताळलेल्या तोंडानं मातीत पडून माझ्याकडे बघत होती — आणि बोलली नाही. का बोलली नसेल? गावात औषधाची पेटी माझ्याकडे, उद्या पोरीला काही झालं तर माझ्याच दारात यायचं, म्हणून? की तिचं कुणी ऐकलंच नसतं म्हणून? मी कधी विचारलं नाही.

रोशनी वाचली. पुढं सासू वारली, नवराही निवळला. आता मला घरात भीती कुणाची? कुणाचीच नाही. तरी बैठकीत गोष्ट तीच.

परवाच्या बैठकीत रोशनी मागं बसून ऐकत होती. नऊ वर्षांची झाली आहे. बाया गेल्यावर ती माझ्याजवळ आली, कुडता वर केला. पोटासोबत डागही वाढलेत.

"काकू, थे पोरगी मीच ना? माह्या मायनं मले काऊन डागलं?"

सुनंदा समोरच हापशीवर पाणी भरत होती. आठ-दहा पावलांवर. खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "तिले समजत नव्हतं, बेटा."

हापशीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. रोज मायची पाण्यानं भरलेली एक गुंडी रोशनी उचलते. परवा ती मायच्या जवळून, तिच्याकडे न बघता, रिकाम्या हातानं घरी निघून गेली.