प्रश्नांचा माइक

माझ्या दिराला गावात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे 'हॅलो' म्हणतात. पोरांसाठी हॅलोकाका, म्हाताऱ्यांसाठी नुसता हॅलो. माइक आणि कर्णे भाड्याने देणारा माणूस, दिवसभर "हॅलो, हॅलो, माइक चेक" करत फिरणार, मग दुसरं काय होणार! मी मात्र भावजी म्हणते. चिडले की मीही म्हणते, "अहो हॅलो, ऐकता का जरा?"

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कर्णे, वायरींची भेंडोळी, बॅटऱ्या, लाकडी खोकी. खाटेखालीसुद्धा ॲम्प्लिफायर. मी सासूबाईंना हळूच विचारलं, "इथे माणसं कुठे बसतात?" तर आतून भावजीच ओरडले, "वहिनी, माणसं सभेत बसतात. घरात सामान बसतं." त्या दिवसापासून आमचं जे भांडण लागलं ते अजून चालू आहे, आणि खरं सांगते, त्यावाचून मला करमत नाही. लग्न त्यांनी केलं नाही. आमच्याच पंगतीत जेवले आणि आमच्या लेकीला खांद्यावर घेऊन सभा दाखवत हिंडले. ती तीन कर्ण्यांच्या मध्ये गाढ झोपायची आणि घरी आणलं की रडायची.

भावजी सगळ्यांच्या सभेला जायचे. हा पक्ष, तो पक्ष, संपवाले, शाळेचं संमेलन, शोकसभा. कोणी टोमणा मारला तर म्हणायचे, "माझ्या माइकवर थुंकी सगळ्यांची सारखीच उडते." पण त्यांची एक खोड होती, आणि माझी ही सगळी गोष्ट त्या खोडीचीच आहे. ते प्रत्येक सभेत दोन माइक लावायचे. एक वर, भाषणाचा. दुसरा खाली, लोकांच्या मधोमध, दांडीवर. तो प्रश्नांचा. कोणी मागो न मागो, तो लागायचाच, आणि त्याचे पैसे ते घेत नसत. शिवाय त्याला वेगळी बॅटरी, वेगळा कर्णा. मुख्य विजेशी त्याचा काही संबंध नाही. कारण तरुणपणी त्यांनी बघून ठेवलं होतं की भाषण संपेपर्यंत वीज नीट असते आणि कोणी अडचणीचं विचारायला उभं राहिलं की नेमकी जाते. "वीज एवढी समजूतदार कशी हो, वहिनी?" असं मला विचारायचे, डोळे मिचकावत.

त्या खालच्या माइकवर काय काय झालं आहे! लोकांनी मंत्र्यांना झापलंय. एका बाईने नळाला येणारं पाणी बाटलीत भरून आणून वरच्या पाहुण्यांना प्यायला लावलंय. आमचे आजचे नगराध्यक्ष, तेसुद्धा तिथलेच. तेव्हा झिजलेल्या चपला घालून यायचे, माइक धरला की सोडायचे नाहीत. भावजींनी कितीदा तरी त्यांची बोटं दांडीवरून सोडवली आहेत. घरी येऊन म्हणायचे, "डोकं खातो पोरगा, पण बोलतो झकास."

मग हळूहळू काहीतरी बदलत गेलं. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही. आधी सभेवाले प्रश्न लिहून मागायला लागले. मग लिहिलेल्यांतले निवडून घ्यायला लागले. चहाच्या दुकानात 'राजकारणावर बोलू नये' अशी पाटी लागली. गावातल्या पेपरच्या संपादकाने रस्त्याच्या कामाबद्दल लिहिलं, त्याच्यावर केस झाली, आता तो स्वयंपाकाच्या कृती छापतो. भावजी पेपर वाचत नाहीत, त्यांचं मोजमाप दुसरंच. एकदा भाजी निवडायला माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "वहिनी, पूर्वी माझं काम लोकांच्या हातून माइक काढून घ्यायचं होतं. आता कोणी धरतच नाही. आणि धरला तर बोलायच्या आधी मागे वळून बघतात."

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना हे बोलणं पटायचं नाही. "तुम्ही दोघं उगाच राईचा पर्वत करता," म्हणायचे. "मतदान होतंय ना वेळेवर? आणि आधीचे काय देवमाणसं होते?"

"आधीचेही डांबिसच होते, दादा," भावजी म्हणाले. "पण ते शिव्या खायला थांबायचे."

यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आता लेकीचं सांगते. ती सरकारी इस्पितळात नर्स आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात. तो वॉर्ड गावाबाहेर, पार हायवेच्या पलीकडे हलवायचं ठरलं आणि 'नागरिकांशी संवाद' म्हणून सभा ठेवली. माइक अर्थात भावजींचे. सभेआधी नगराध्यक्षांच्या सचिवाने त्यांना बाजूला घेऊन बजावलं, "खालचा माइक दिसायला राहू दे, पण बंद ठेवा." भावजींनी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

मी दुसऱ्या रांगेत होते. हे अगदी शेवटी, खांबापाशी उभे. भाषण चालू होतं, इतक्यात आमची लेक उठली, ड्यूटीवरून थेट आलेली, युनिफॉर्ममध्येच, आणि खालच्या माइकपाशी गेली. तिने मागे वळून बघितलं नाही. म्हणाली, "साहेब, मला एक विचारायचंय."

सचिवाची धावपळ झाली. स्टेजच्या कडेला भावजींचं टेबल होतं, तिथे जाऊन त्याने समोर दिसली ती जाड वायर हिसकून काढली. त्याला वाटलं, सगळं तिथूनच चालतं. गेला तो वरचा माइक! नगराध्यक्षांचे ओठ हलतायत, हात हलतायत, आवाज काही नाही. आणि बॅटरीवरचा खालचा माइक खणखणीत चालू. लेकीला तर काय झालं ते कळलंच नाही. ती आपली बोलतेय, "कळा सुरू झालेल्या बाईने तिथवर जायचं कसं? रिक्षा तिकडे येत नाहीत. तुम्ही एकदा तरी त्या रस्त्याने जाऊन आलात का?" सगळ्या मैदानाने ऐकलं, पलीकडच्या बसथांब्याने ऐकलं. वर नगराध्यक्ष हवेत हात हलवतायत. लोक हसले. पोट धरून हसले हो. ते हसू आम्हाला महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी तिला वॉर्डातून उचललं. तक्रार अशी, की तिने कट करून मुख्य माइकची वायर काढली आणि सरकारी सभा उधळली. जामीन मिळाला, पण नोकरीवरून निलंबन. गुन्हा शाबित झाला तर नोकरी कायमची जाणार होती आणि वर तुरुंग. घरात बसून ती नुसती खिडकीकडे बघायची. सभेला आख्खं गाव होतं, पण विचारलं तर सगळे मूग गिळून. कोणी म्हणे मी लवकर निघालो, कोणी म्हणे माझं लक्ष नव्हतं. आणि आमचे हे! पोलीस आले तेव्हा दारातच म्हणाले, "मी सभेला गेलोच नव्हतो." आत आल्यावर म्हणाले, "पेन्शन बंद केली तर तिचा वकील कुठून करायचा?" मी असली भडकले होते! पण वकिलाची फी यांच्याच पेन्शनमधून जाणार होती.

राहिले भावजी. वायर कोणी काढली ते टेबलापाशी उभं राहून पाहिलेला एकटा माणूस. इन्स्पेक्टर स्वतः आले, पुढच्या खोलीत बॅटरीच्या खोक्यावर बसले. फार गोड बोलले. "हॅलोकाका, तुम्हाला काही त्रास नाही. वायर बाईंनी काढली, एवढं एक वाक्य. तुमच्या परवान्याची फाइल साहेबांच्या टेबलावरच आहे." मी दाराआड उभी, जीव टांगणीला. भावजी म्हणाले, "विचार करतो."

त्या दोन शब्दांनी मला झोपू दिलं नाही. राग तरी कुणाचा करू? या माणसाचं आयुष्य त्या कर्ण्यांवर गेलं. परवाना गेला की सगळं गेलं. आणि दुसऱ्या बाजूला माझी पोर. मी दोन दिवस त्यांच्यावर खेकसत राहिले, वायरी उचला, खोकी हलवा, डाळ गार होतेय. शेवटी जेवताना तेच म्हणाले, "वहिनी, जे विचारायचंय ते विचारत का नाही?"

"काय विचारू?" मी म्हणाले. "पोलीस सांगतायत तेच बोललात, तर मला तुमचं तोंड बघवणार नाही. आणि खरं बोललात, तर तुम्ही खाणार काय?"

"इतकी वर्षं तुमच्या हातचं खातोय," ते म्हणाले. "ते पचलं, तर पुढचंही पचेल. भात वाढा."

मी भात वाढला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते लपवलंही नाही.

कोर्टात त्यांना विचारलं, वायर कोणी काढली. "सचिवांनी. माझ्या डोळ्यांदेखत." तिथेच थांबले असते तरी लेक सुटली असती. पण सरकारी वकिलाने आवाज चढवून विचारलं, "मग बाईंचा माइक चालू कसा राहिला?" भावजी म्हणाले, "माझ्यामुळे. तो बंद पडू नये असाच मी लावतो."

"तो बंद ठेवायला तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"नाही ठेवला."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. आमच्या वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. लेक सुटली. पुढे तिचं निलंबनही उठलं, आज ती वॉर्डात आहे, वॉर्ड अजून गावातच आहे, आणि तिथे मूल रडलं की मला भावजींचा खालचा माइक आठवतो. देवाने मला सख्खा भाऊ दिला नाही, त्याचं मला आता काही वाटत नाही.

त्यांचा परवाना मात्र गेला. सामान जप्त झालं. त्यांच्यावरच केस झाली, सूचना धुडकावून सभेत गोंधळ घडवला म्हणून. टेम्पोत कर्णे चढवत होते तेव्हा भावजी हवालदारांना सांगत होते, "अहो, तोंडाकडून नका धरू, वाकतो तो." पुढची खोली रिकामी झाली. मी खुर्च्या मांडल्या. इतकी वर्षं ज्या जागेसाठी भांडले ती मिळाली, आणि तिथे बसवेना. भावजी आता पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. तक्रार करत नाहीत. मी करते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या केसची तारीख होती. आमच्या बाजूची साक्षीदार मी एकटीच. लेकीची साक्ष धरणार नाहीत, म्हणे, ती मूळ आरोपी. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले आणि बोलले. दुसऱ्या रांगेतून जे दिसलं ते सगळं सांगितलं. सरकारी वकील हसून म्हणाला, "आरोपीची वहिनी आणि नर्सबाईंची आई. म्हणजे घरचंच मत." न्यायाधीशांनी वकीलबाईंना विचारलं, "आणखी कोणी?" त्या म्हणाल्या, "नाही, साहेब."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. बघते तर आमचे हे उभे. सकाळी म्हणाले होते, गुडघा दुखतोय, येत नाही.

"मी होतो," हे म्हणाले.

न्यायाधीश म्हणाले, "असं मधेच बोलता येत नाही. वकिलांमार्फत अर्ज द्या."

"देतो साहेब, अर्जच लिहीत आलोय जन्मभर," हे म्हणाले. "पण हा माणूस माझा भाऊ आहे. मी सभेत शेवटी, खांबापाशी उभा होतो. पोलिसांना नव्हतो म्हणालो, ते खोटं होतं. वायर सचिवांनी काढली, ती मी बघितली. माझी मुलगी घरी बसून रडत होती तेव्हा मी गप्प बसलो. आता नाही बसणार."

भावजींनी वळून बघितलं. भावजींना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या उभ्या ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते आणि म्हणत होते, "दादा, खाली बस. गुडघा दुखेल."

हे बसले नाहीत. पुढची तारीख मिळेपर्यंत उभेच राहिले.